डावीकडची मार्गिका

हिमकोठीचं दार उघडलं तेव्हा आधी पांढरी वाफ बाहेर आली आणि तिच्यामागून अन्विता गांगुर्डे. जाड हातमोजे घातलेल्या हातांत तिनं रस्त्याचा एक ठोकळा धरला होता. कोठीत त्या ठोकळ्यानं सबंध हिवाळ्याएवढी थंडी सोसली होती. रात्रीसारखं गोठवायचं, दुपारसारखं वितळवायचं, चाकाखाली घालायचं आणि पुन्हा गोठवायचं. एवढ्या छळानंतर रस्त्याचा भुगा व्हायला हवा. या ठोकळ्याच्या अंगावर एक चीरसुद्धा नव्हती.

शीतमार्ग प्रयोगशाळेच्या संचालक मैत्रेयी कर्णिक खुर्चीतून उठल्या. त्यांची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. ठोकळा मनात भरला की त्या बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करत, कान जवळ नेत आणि एक ठरलेलं वाक्य बोलत. ते वाक्य ऐकायला मिळावं म्हणून इथली माणसं वर्षानुवर्षं राबत होती.

मॅडमनी टकटक केली. कान जवळ नेला.

"गुटगुटीत आहे हो बाळ!"

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या डॉ. शौनक टिपणीसला ते झोंबलं. आजवर हे वाक्य सर्वांत जास्त वेळा त्याच्याच वाट्याला आलं होतं. आणि ही अन्विता कोण? त्याचीच विद्यार्थिनी. ठोकळा कसा ओतायचा, हे तिला त्यानंच शिकवलं होतं. शिष्य पुढे गेला की गुरूची छाती फुगते, असं सत्कार समारंभात सांगतात. शौनकची छाती काही फुगली नाही. आत काहीतरी जळायला मात्र लागलं, आणि मॅडमनी शेगडीजवळची आपली खुर्ची अन्विताला दिली तेव्हा ते चांगलंच पेटलं.

पूर्वी महाराष्ट्रात खड्डे पावसाळ्यात पडत आणि ते गणपतीपर्यंत बुजवायची आश्वासनं मिळत. पण अटलांटिक महासागरातला उबदार प्रवाह मंदावला, वरच्या हवेतल्या वाऱ्यांनी वाट बदलली आणि उत्तरेची थंडी थेट सातमाळ्याच्या डोंगरांपर्यंत उतरू लागली. तेव्हापासून खड्ड्यांचा हंगामही बदलला. पाणी गोठलं की फुगतं. रस्त्याच्या बारीकशा चिरेत शिरलेलं पाणी रात्री फुगून चीर रुंदावायचं, दुपारच्या उन्हात वितळून आणखी खोल जायचं आणि रात्री पुन्हा फुगायचं. मग वरून कांद्याचा एक ट्रक गेला की डांबर खाली बसलंच. होळी येईतो घाटाची चाळण झालेली असायची. आश्वासनं तीच राहिली होती, फक्त आता ती पाडव्यापर्यंतची असत.

मॅडम पाडव्याला निवृत्त होणार होत्या. त्याआधी त्या एकच रस्ता निवडणार होत्या. तो रस्ता राज्यातल्या सगळ्या घाटांत जाणार होता, आणि ज्याचा रस्ता त्याच्याच हाती ही प्रयोगशाळा येणार होती. शौनकनं आपलं उभं आयुष्य चुनपाया तयार करण्यात घालवलं होतं. मुरमात भाजलेल्या चुनखडीची भुकटी मिसळून, दाबून दाबून केलेला हा पाया पाण्याला आत शिरू देत नसे. ती खुर्ची आपली, हे त्यानं मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"हे नेमकं काय करतं, ते एकदा नीट सांग," मॅडम म्हणाल्या. "शौनकलाही ऐकू दे."

"मॅडम, हाड जसं वागतं तसाच हा रस्ता वागतो," अन्विता म्हणाली. "हाडावर भार पडला की त्यातल्या स्फटिकांत अगदी सूक्ष्म वीज उमटते. शरीराला ती कळते आणि ते तिथं चुना नेऊन भरतं. या ठोकळ्यात मी एक बुरशी वाढवली आहे. अस्थिबुरशी म्हणते मी तिला. तिचे तंतू खडीच्या फटींतून पसरतात. वरून चाक गेलं की दाबानं वीज उमटते, आणि तंतू त्या दिशेला चुना वाहून नेतात. चीर बुजते. जितकी चाकं जास्त, तितका रस्ता बळकट."

"आणि हा चुना आणते कुठून?" शौनकनं विचारलं. प्रश्न चांगला होता. विचारण्याची तऱ्हा चांगली नव्हती.

"जिथं भार पडत नाही तिथून, सर. अंतराळस्थानकात खूप दिवस राहिलेल्या माणसाची हाडं ठिसूळ होतात ना? वजनच पेलायचं नाही, तर एवढी हाडं हवीत कशाला, असा शरीराचा हिशेब. म्हणून ते हाडातला चुना काढून घेतं. बुरशीही आम्ल सोडून रिकाम्या जागेतला चुना विरघळवते आणि चाकं फिरतात तिथं नेऊन त्याचा पुन्हा दगड करते."

"म्हणजे रस्ता स्वतःलाच खाणार!" शौनक मोठ्यानं हसला. त्याला साथ कुणीच दिली नाही.

"वापरात नसलेला भाग तेवढा खाणार," अन्विता शांतपणे म्हणाली. "वाहनं सगळीकडून फिरत राहिली तर कुठलाच भाग रिकामा राहत नाही. कडेला थोडी चुनखडी पुरली की तिचं भागतं."

मॅडम मान डोलावत होत्या. शौनकनं त्या दिवशी सगळं ऐकलं, पण त्यात दोष कुठे सापडतो एवढ्यासाठीच ऐकलं. तशा ऐकण्यातून जेवढं उरतं तेवढंच त्याच्याकडे उरलं.

परीक्षा आंबेओहळच्या घाटात ठरली. कळवणकडचा कांदा याच घाटानं नाशिककडे चढायचा. डावीकडची, चढणीची मार्गिका शौनकच्या चुनपायाची केली आणि उजवीकडची, उतरणीची अन्विताच्या अस्थिबुरशीची. दोन्हींच्या मधे एक पांढरा पट्टा होता. पट्टा रंगाचा होता, जमिनीखाली तो नव्हता. पण याचा विचार शौनकनं केला नाही. घाटाची सगळी देखरेख ज्येष्ठ म्हणून त्याच्याकडे होती आणि त्याचं लक्ष कायम पट्ट्याच्या पलीकडे असे. तिच्या बाजूला कुठे तडा गेलाय का, हे पाहायला तो रोज सकाळी घाट उतरून जायचा. आपली बाजू परतताना पाहायचा.

मार्गशीर्षात तडे गेले, ते त्याच्याच बाजूला. अन्विताच्या मार्गिकेवर बारीक रेघ उमटे आणि चार दिवसांत पुसली जाई. कडाक्याच्या थंडीत मॅडम घाटात आल्या, तिची मार्गिका पाहून खूश झाल्या आणि कुडकुडणाऱ्या अन्विताच्या खांद्यावर त्यांनी आपली तपकिरी शाल टाकली. शौनकही कुडकुडतच होता. त्याला कुणी विचारलं नाही.

आणि मग पौषात नवल घडलं. शौनकच्या मार्गिकेवरचे तडे आपोआप बुजू लागले. प्रत्येक चिरेत पांढरी, कठीण रेघ भरून आली. शौनकला आकाश ठेंगणं झालं. त्यानं सगळ्यांना हाका मारून बोलावलं.

"चुनपाया वर येतोय! दाबानं पायातला चुना वर येऊन स्वतःच सांधतोय! बघितलंस, अन्विता? बुरशीबिरशी काही लागत नाही."

अन्विता उकिडवी बसली. त्या पांढऱ्या रेघेतली थोडी भुकटी तिनं नखानं खरवडून कुपीत घेतली. कुपी उजेडाकडे धरून पाहिली. मग तिनं शौनकच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे, सर."

तिचा चेहरा उतरलेला पाहून शौनकला पुरणपोळीचं जेवण झाल्यासारखं वाटलं. आता पोटदुखी तिला सुरू झाली, असं त्यानं ठरवून टाकलं. जळणाऱ्या माणसाला सगळेच आपल्यासारखे जळताना दिसतात.

हिवाळा सरला. दोन्ही मार्गिका शाबूत होत्या. घाटाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. कुणीही समाधानी व्हावं अशी गोष्ट. पण शौनकला बरोबरी सोसवेना. बरोबरीत सुटलं तर मॅडम कुणाच्या पारड्यात वजन टाकतील, हे त्या तपकिरी शालीनं त्याला सांगून ठेवलं होतं. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात पाहणी ठरली होती. मॅडम येणार होत्या आणि मुख्य अभियंतेही. महाशिवरात्र झाली तशी शौनकनं मुकादम तुळशीराम बागूलला बोलावलं.

"बागूल, आजपासून डावी बाजू बंद. दोर बांध, पिंपं लाव. पाहणीपर्यंत त्यावरून सायकलसुद्धा जायला नको."

"आन् ट्रका?"

"सगळ्या उजवीकडून. चढणाऱ्या, उतरणाऱ्या, सगळ्या. दोन्ही टोकांना झेंडी घेऊन माणसं उभी कर."

"साहेब, कांद्याचा हंगाम हाये. समदा लोड एकाच अंगाला यील."

"येऊ दे," शौनक म्हणाला, आणि कित्येक महिन्यांत त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं.

पाहणीआधी रस्ता बंद ठेवायची पद्धत काही त्यानं काढलेली नव्हती. साहेबांच्या गाडीसाठी रस्ता कोरा ठेवायचा, कडेच्या दगडांना चुना आणि गेरू फासायचा, झाडाच्या बुंध्यांनाही सोडायचं नाही, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्यामुळे कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. त्यामागचा डाव एकट्या शौनकला ठाऊक होता. लग्नाच्या शालूसारखी आपली मार्गिका घडी न मोडता ठेवायची, आणि तिच्या मार्गिकेचं भरल्या ट्रकांखाली कंबरडं मोडायचं.

दुसऱ्याच दिवशी अन्विता धावत आली.

"सर, डावी बाजू बंद ठेवू नका."

"का? तुझ्या बाजूला भार जड होतोय?"

"माझ्या बाजूचं नाही हो. तुमच्या मार्गिकेसाठी सांगतेय. निदान निम्मे ट्रक तरी तिकडून जाऊ द्या. सर, पौषात मी जी भुकटी घेतली होती ना, त्यात—"

"माझ्या मार्गिकेची काळजी तू करायचीस?" शौनकचा आवाज चढला. "अन्विता, तुझ्याएवढा होतो ना, तेव्हा मीही असेच गोड बोलून लोकांचे रस्ते उखडायला पाहायचो. मला नको शिकवूस."

"एकदा ऐकून तर घ्या. त्यात तुमचंही—"

"पाहणीच्या दिवशी काय ते बोल. मॅडमसमोर."

"मॅडमना तुमच्या आधी सांगणं मला बरं वाटेना, सर," ती म्हणाली. "म्हणून आले होते." आणि ती निघून गेली.

घाबरली, शौनक मनाशी म्हणाला. तो मजेत होता. होळीच्या सुमाराला त्याच्या लक्षात आलं की पांढऱ्या पट्ट्यापाशी एक पायरी तयार झाली आहे. उजवी मार्गिका डावीपेक्षा चार बोटं उंच दिसत होती. फुगली, त्यानं ओळखलं. फुगलेली वस्तू आज ना उद्या फुटते. तो दगडांना दुसऱ्यांदा गेरू लावून घ्यायला गेला.

पाहणीचा दिवस उजाडला. डाव्या मार्गिकेवर रांगोळी होती, आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण होतं. काळं डांबर इतकं स्वच्छ की त्यावर पंगत बसवावी. उजवी मार्गिका धुळीनं, कांद्याच्या सालपटांनी आणि ऑइलच्या डागांनी माखलेली. मुख्य अभियंते रांगोळीकडे पाहून प्रसन्न झाले. मॅडमनी मात्र शौनककडे पाहिलं.

"ही इतकी कोरी कशी रे?"

"जपली, मॅडम," तो म्हणाला. "आता परीक्षाच घ्या. भरलेला ट्रक घाला पहिल्यांदा."

नारळ फुटला. बागूलनं दोर सोडला. कांद्यानं भरलेला ट्रक डाव्या मार्गिकेवर चढला, रांगोळी ओलांडून थोडासा पुढे गेला, आणि पुढचं डावं चाक जमिनीत गेलं. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. पापड मोडतो तसं डांबर मोडलं आणि चाक आसापर्यंत आत बसलं. मागचं चाक त्याच्या पाठोपाठ गेलं. ट्रक कलला, फाळका उघडला आणि कांदे उताराला लागले. ड्रायव्हर शिव्या देत खिडकीतून बाहेर पडला. त्याला खरचटलंही नव्हतं.

शौनक त्या खड्ड्यात उतरला. वरचा डांबराचा पापुद्रा तेवढा शाबूत होता. खाली चुनपाया नव्हताच. मुरूम होता, सुटा, कोरडा, मुठीत धरला तर बोटांतून गळणारा. आणि त्या मुरमातून, उजवीकडे, पांढऱ्या पट्ट्याच्या दिशेनं, केसासारखे बारीक पांढरे तंतू गेलेले होते. असंख्य होते, आणि सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला होतं.

"हे काय केलंस तू?" तो वर पाहून ओरडला. "माझ्या चुनपायात बुरशी सोडलीस?"

"सोडली नाही, सर. ती आपोआप आली, कार्तिकातच. तेव्हा दोन्हीकडून ट्रक जात होते. तिला तुमच्याकडेही दाब जाणवला, म्हणून ती तिकडे गेली." अन्विता खड्ड्याच्या काठाशी बसली. "पौषात तुमचे तडे बुजले ते तिनंच बुजवले. कुपीतल्या भुकटीत तंतू होते. पण गोष्ट तेवढीच नव्हती. आतापर्यंत तिला कधी इतका चांगला चुना मिळालाच नव्हता. तुमच्या चुनपायामुळे ती माझ्या ठोकळ्यांपेक्षा दुप्पट वेगानं काम करत होती. दोन्ही मिळून एक रस्ता झाला होता, सर. बुरशी माझी, पाया तुमचा."

शौनकच्या मुठीतला मुरूम बोटांतून गळत होता.

"मग तुम्ही डावी बाजू बंद केली," ती म्हणाली. "सगळा भार उजवीकडे, डावीकडे काहीच नाही. तिला काय कळणार, पाहणी आहे म्हणून रस्ता जपलाय? तिच्या लेखी डावी बाजू म्हणजे बिनकामाचं हाड. तिनं तिकडचा सगळा चुना उचलला आणि इकडे आणला. ती चार बोटांची उंची तुमच्याच चुनपायाची आहे."

मॅडम सगळं ऐकत होत्या. "पौषातच कळलं होतं तर बोलली का नाहीस?"

"सर फार खुशीत होते, मॅडम. म्हटलं, पाहणीच्या दिवशी सांगू. दोघांचं नाव लावा, असं म्हणणार होते. प्रयोगशाळाही दोघांकडे द्या, म्हणणार होते. ते डावी बाजू बंद करायला लागले तेव्हा आधी त्यांनाच सांगायला गेले."

मॅडमनी खड्ड्याकडे पाहिलं, मग शौनककडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि ते त्याला जास्त लागलं. "आता मी कसली शिफारस करू रे शौनक?" त्या म्हणाल्या. "जोडरस्ता दाखवायचा, तर दाखवायला तुझी बाजू उरलीच नाही." त्या पट्टा ओलांडून पलीकडे गेल्या, गुडघे धरत खाली वाकल्या आणि उजव्या मार्गिकेवर त्यांनी टकटक केली. पण ते वाक्य मात्र त्या बोलल्या नाहीत.

पाडव्याला प्रयोगशाळा अन्विताकडे आली.

तिनं पहिला हुकूम सोडला तो घाटाचा. डावीकडचे खड्डे मुरमानं भरायचे आणि त्यावरून वाहतूक सुरू करायची. आधी बैलगाड्या, मग रिकामे ट्रक, मग भरलेले. प्लास्टर काढल्यावर पायावर हळूहळू वजन देतात ना, तसं. भार आला की बुरशी चुना परत घेऊन येईल. फक्त, सवयीनं सगळे ट्रकवाले उजवीकडूनच जात होते. त्यांना डावीकडे वळवायला कुणीतरी समंजस माणूस झेंडी घेऊन उभा करायला हवा होता.

"मी उभा राहतो," शौनक म्हणाला. हे आपण का म्हणालो, ते त्यालाही नीट कळलं नाही.

वैशाखातल्या एका सकाळी तो झेंडी घेऊन घाटाच्या पायथ्याशी उभा होता. समोर उजवी मार्गिका उन्हात चमकत होती. चार बोटांची पायरी आता तीन बोटांवर आली होती. तिच्याकडचं एक बोट कमी झालं, हे पाहून त्याच्या मनाला गुदगुल्या झाल्या. ते एक बोट आपल्याकडे आलं, हे त्याला त्यानंतर सुचलं. सवय जायला वेळ लागणार होता, हे त्याचं त्यालाच दिसत होतं.

कांद्यानं काठोकाठ भरलेला एक ट्रक त्याच्यापाशी येऊन थांबला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. डावीकडच्या ठिगळांकडे पाहून त्यानं नाक मुरडलं.

"साहेब, उजवीकडनं जाऊ द्या की! तो रस्ता चांगला हाये."

शौनकनं उजव्या मार्गिकेकडे पाहिलं. त्या रस्त्याबद्दल एवढ्या दिवसांत त्यानं चांगला शब्द काढला नव्हता. मनातल्या मनातसुद्धा नाही.

"हो," तो म्हणाला. "फार चांगला आहे तो. म्हणूनच डावीकडून जा."